पोरं झोपल्यावर करू – दमलेल्या आईबाबांच्या संकल्पांचा धागा

अर्धीझोप | ३ जानेवारी, रात्री ११:४२

घरात दोन पोरं, मोठी साडेपाच वर्षांची आणि धाकटा दीड वर्षाचा. नवरा आणि मी दोघंही नोकरी करतो. ३१ डिसेंबरला पोरं झोपल्यावर मी वहीत चार संकल्प लिहिले, पहाटे पाचला उठणे, रोज अर्धा तास व्यायाम, दहा मिनिटं ध्यान आणि झोपण्याआधी डायरी. चारही मनापासून लिहिले होते आणि ते मला आजही हवेत, म्हणून तर हा धागा काढतेय. आधी तीन दिवसांत काय काय झालं ते सांगते.

पाचचा अलार्म. आवाज अगदी बारीक ठेवला होता, तरी तो आधी धाकट्याला ऐकू आला आणि मग मला. तो उठून बसला, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला "गाडी". पाच ते सात आम्ही गाडी गाडी खेळलो. त्याचा वर्षाचा पहिला दिवस फार म्हणजे फारच छान सुरू झाला, चेहऱ्यावर दिसत होतं.

व्यायाम. मी चटई अंथरली की घरात बातमी पसरते की खेळ सुरू. प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग जमिनीवर आडवं ताठ धरायचं) करायला घेतला तर मोठी ओरडली "आई पूल झाली!" आणि धाकटा लगेच पुलाखालून गाडी घेऊन निघाला. निघाला तो निघाला, मधेच थांबला, कारण सिग्नल लागलेला. सिग्नल सोडायचं काम मोठीकडे, आणि ती नियमांना फार पक्की आहे, पूर्ण दहापर्यंत मोजते, सातवर गडबड झाली की पुन्हा एकपासून.

ध्यान. डोळे मिटून बसले, दोनेक मिनिटांनी नाकाजवळ गरम श्वास लागला. मोठी अगदी जवळून बघत होती. "आई, तू बंद पडलीस का?" म्हटलं नाही गं, मी शांत बसलेय. "मग मी पण शांत बसते" म्हणून ती शेजारी मांडी घालून बसली आणि तिच्या वर्गात कोण कोण शांत बसत नाही त्याची अख्खी यादी तिने मला शांतपणे सांगितली.

डायरी. काल उघडली तर १ जानेवारीपासून ३१ मार्चपर्यंत प्रत्येक पानावर एकेक सूर्य काढलेला, नाक डोळे सगळं. म्हणाली "आई मी तुझे सगळे दिवस आधीच छान करून ठेवलेत". यावर काय बोलणार, घट्ट मिठी मारली.

तर आता मुद्द्याचं. गेले दोन दिवस डोक्यात हेच घोळतंय की संकल्पांबद्दल जे काही वाचते बघते ते सगळं ज्याचा दिवस त्याच्या एकट्याच्या हातात आहे अशा माणसासाठी लिहिलेलं असतं. माझा दिवस चौघांचा आहे. मी पाचला उठायचं ठरवलं की खरं तर धाकट्याचं पाचला उठणं ठरतं, आणि मग नवऱ्याची झोप, मोठीची शाळेची तयारी, सगळंच हलतं. चौघांच्या दिवसाचा संकल्प एकटीने वहीत लिहून कसा चालेल? तुमच्या घरात खरोखर टिकलेलं काय आहे ते सांगा, कितीही छोटं असलं तरी चालेल. आणि काय सोडून दिलंत तेही सांगा.

---

दोनदुणेचार | ४ जानेवारी, रात्री १२:१०

सिग्नल!! हसून हसून पाणी आलं डोळ्यातून, तेही तोंड दाबून, कारण शेजारी दोघं झोपलेत. आमच्याकडे सूर्यनमस्कार घातले की धाकटी समोर उभी राहून प्रत्येक नमस्काराला उलट नमस्कार करते, तिला वाटतं तिलाच करतेय.

---

पहाटपक्षी | ४ जानेवारी, सकाळी ५:०३

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका ताई. मलाही दोन मुलं आहेत, ९ आणि ६. मी चार वर्षं साडेचारला उठतोय. सुरुवातीला त्रास होतो, पण २१ दिवस नेटाने काढले की शरीराला सवय लागते, मग अलार्मही लागत नाही. मनाचा निश्चय हवा. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच होतात, दहावा दिवस ज्याने काढला त्याचं काम झालं. त्या दीड दोन तासांनी मला खूप काही दिलंय, त्यामुळे कोणी पहाटेचा नाद सोडला की वाईट वाटतं.

---

आकडेमोड | ४ जानेवारी, सकाळी ९:३०

पहाटपक्षी दादा, तुमचं उठणं खरंच कौतुकाचं आहे, पण त्या २१ दिवसांबद्दल लिहायलाच हवं, कारण त्या आकड्यामुळे बावीसाव्या दिवशी लोक स्वतःला नापास करून टाकतात.

२१ दिवस आले मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून. त्यांनी १९६० च्या पुस्तकात लिहिलं होतं की ऑपरेशननंतर माणसाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात असं त्यांना दिसलं. पुढे सांगताना लोकांनी "कमीत कमी" गाळलं आणि चेहराही गाळला, उरलं फक्त २१ दिवसांत सवय.

प्रत्यक्ष मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ लोक, १२ आठवडे, प्रत्येकाने रोज एक छोटी गोष्ट करायची, जेवणाबरोबर पाणी पिणे वगैरे. गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा आला ६६ दिवस, आणि माणसामाणसातला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत (२५४ हा आलेखावरून पुढे काढलेला अंदाज आहे, अभ्यास ८४ दिवसांचाच होता). म्हणजे १ जानेवारीला सुरू केलं तर कोणाची सवय १८ जानेवारीला लागेल, कोणाची ७ मार्चला आणि कोणाची थेट ११ सप्टेंबरला. व्यायामासारख्या गोष्टींना पाणी पिण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

आणि आईबापांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट त्यातच पुढे आहे. मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दात येताहेत, ताप आलाय, शाळेतून फोन आलाय, चुकला दिवस तर चुकू दे, दुसऱ्या दिवशी पुढे चालू.

---

रात्रपाळी | ४ जानेवारी, दुपारी २:१५

मी नर्स आहे, पाळ्या बदलत्या, घरात अडीच वर्षांची मुलगी. मला पाचच्या अलार्मबद्दलच बोलायचंय आणि जरा कळकळीने बोलणार आहे.

ताई तुम्ही धागा काढलाय रात्री ११:४२ ला आणि पाचला उठायचं म्हणताय. म्हणजे सव्वापाच तास, त्यातही धाकटा एकदा तरी उठत असणार. मोठ्या माणसाला रोज ७ तास किंवा जास्त झोप लागते, हे झोपेच्या तज्ज्ञांच्या संस्था गुळमुळीत न बोलता सांगतात. २००३ मध्ये एक प्रयोग झाला होता, निरोगी माणसांना १४ दिवस रात्री सहाच तास झोपू दिलं. दोन आठवड्यांनी त्यांचं लक्ष आणि आठवण इतकी घसरली होती की जणू एक-दोन रात्री सलग जागलेत. आणि सगळ्यात भीतीदायक काय तर त्यांना स्वतःला ते जाणवत नव्हतं, आपण जरासे पेंगुळलोय इतकंच वाटत होतं.

आणखी एक, १७ ते १९ तास सलग जागं असलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतक्या मंद होतात. बाळ पहाटे पाचला उठवतं आणि आपण रात्री दहाला गाडी चालवत घरी येतो, मोजा तास. तेव्हा लहान पोरं असलेल्यांनो, झोप कापून कुठलाही संकल्प करू नका. व्यायामासाठी नाही, वाचनासाठी नाही, ध्यानासाठी तर मुळीच नाही. पहाटपक्षी दादा साडेचारला उठतात, पण ते रात्री किती वाजता झोपतात ते त्यांनी लिहिलं नाही.

---

पहाटपक्षी | ४ जानेवारी, रात्री ८:२०

साडेआठला झोपतो. आताच निघालो बघा. आणि खरं सांगायचं तर मुलं लहान होती, म्हणजे धाकटा दोन वर्षांचा होईपर्यंत, मीही पहाटे उठत नव्हतो, तेव्हा जमलंच नसतं. हे आधी लिहायला हवं होतं, ते राहिलं. ताई, धाकटा थोडा मोठा होऊ दे. २१ दिवसांचंही मागे घेतो.

---

अर्धीझोप | ४ जानेवारी, रात्री ९:०५

रात्रपाळी ताई, तुमचं वाचून खरोखर दचकले. पाचचा अलार्म काढून टाकला. पहाटपक्षी दादा मनापासून धन्यवाद, इतक्या सरळपणे कोणी मागे घेत नाही. आजपासून साडेनऊला लाइट बंद, बाकी उद्या लिहिते.

---

एकटाबाबा | ५ जानेवारी, रात्री १०:४८

माझी मुलगी सात वर्षांची, घरात आम्ही दोघंच. "तो सांभाळेल तेव्हा मी करते" वगैरे माझ्याकडे नाही, त्यामुळे जे काही करायचं ते तिच्या समोर आणि तिच्यासकटच. गेल्या वर्षी जे टिकलं ते लिहितो.

मी जिमला गेलो नाही, वेळही ठरवला नाही. ठरवलं ते असं, की ती दात घासायला उभी राहिली की मी बाजूला उठाबशा काढणार. रोज दोनदा, दोन दोन मिनिटं. तिचे दात घासून होईपर्यंत माझं चालूच, ती थांबली की मी थांबणार. परिणाम काय झाला, ती माझी दमछाक बघायला म्हणून दात जास्त वेळ घासायला लागली. तोंडात फेस, डोळ्यात हसू आणि बोटाने खूण करते, अजून, अजून. डेंटिस्ट तिच्यावर खूश आहेत, माझे गुडघेही आता कुरकुरत नाहीत.

नंतर कळलं की याला मानसशास्त्रात नावही आहे, पीटर गोलविट्झर म्हणून एक संशोधक आहेत त्यांचं यावर बरंच काम आहे. जर अमुक झालं तर मी तमुक करीन, असं आधीच ठरवून ठेवायचं. आपण मराठीत जर-तरच्या गोष्टी म्हणतो त्या न होणाऱ्या गोष्टींना, इथे नेमकं उलटं आहे, जर-तर ठरवलं की गोष्ट होते. फक्त "जर" असा पकडायचा की तो रोज घडणारच. माझ्या घरात दात घासणं रोज होतं, "सकाळी सहा" रोज होत नाही, म्हणजे वाजतात सहा, पण तेव्हा कोणाचा मोजा हरवलेला असतो.

---

दोनदुणेचार | ५ जानेवारी, रात्री ११:०२

फेस आणि उठाबशा, उद्यापासून आमच्याकडे. चार ब्रश आहेत, म्हणजे माझे पाय लवकरच दगडी होणार.

---

आकडेमोड | ५ जानेवारी, रात्री ११:४५

एकटाबाबांच्या दोन दोन मिनिटांना कोणी हसू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या सूचनांमध्ये म्हटलं होतं की व्यायाम निदान १० मिनिटं सलग हवा. २०२० च्या नव्या सूचनांमध्ये ती अटच काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हे लक्ष्य आहे, पण ते तुकड्यातुकड्याने जमवलं तरी मोजतात. पोराला कडेवर घेऊन तीन जिने चढलात, धरा. ते सायकल शिकतंय आणि तुम्ही मागून वाकून पळताय, धरा. थेंबे थेंबे तळे साचे हे इथे अगदी शब्दशः लागू आहे.

तसंच रोज दहा हजार पावलांचं ओझंही उतरवा. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, नावाचा अर्थच "दहा हजार पावलं मोजणारं". २०१९ मध्ये वयस्कर बायकांवर एक मोठा अभ्यास आला, त्यात रोज ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांनाही २,७०० वाल्यांपेक्षा स्पष्ट फायदा दिसला आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढायचा थांबला. लहान पोर असलेल्या घरात बाटली, टोपी, दुसरा बूट, परत बाटली यातच कितीतरी होतात.

---

चारमहिने | ६ जानेवारी, पहाटे ३:२६

सगळ्यांचं वाचतेय, एका हाताने टाइप करतेय, बाळ अंगावर आहे. चार महिन्यांचं. मला यावर्षी काहीच ठरवावंसं वाटत नाहीये. मैत्रिणी विचारतात काय संकल्प, आणि मला रडायलाच येतं. मी काहीतरी चुकतेय असं वाटतं.

---

रात्रपाळी | ६ जानेवारी, पहाटे ३:५०

मी ड्युटीवरच आहे, लगेच लिहिते. तू काहीही चुकत नाहीयेस बाळा. तान्ह्या बाळाच्या झोपेचं चक्र साधारण ५० मिनिटांचं असतं, आपलं साधारण ९० मिनिटांचं, आणि त्यात त्याच्या इवल्या पोटाला रात्रीही भूक लागते, त्यामुळे आपली झोप मधेच तुटते. जर्मनीत साडेचार हजारांहून जास्त आईबापांची माहिती वर्षानुवर्षं गोळा केली होती, २०१९ ला आली. आईची झोप पहिल्या तीन महिन्यांत रोज जवळजवळ तासाने कमी झालेली आणि पहिलं मूल सहा वर्षांचं झालं तरी आईबापांची झोप पूर्ण पहिल्यासारखी झालेली नव्हती. म्हणजे तू दमलीस यात तुझा दोष शून्य.

फक्त एक विचारते, मोकळेपणाने उत्तर दे किंवा मनातच दे. बाळ झोपलेलं असतानाही तुला झोप लागत नाही का? दोन आठवड्यांहून जास्त दिवस रडू येतंय, कशात मन लागत नाही, आपण नसतो तर बरं असं वाटतं का? यातलं काहीही हो असेल तर उद्याच तुझ्या डॉक्टरांना सांग, आजच घरातल्या कोणाला तरी जागं करून सांग. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, बऱ्याच जणींना होतो आणि त्यावर उपचार आहेत. यावर्षीचा संकल्प वगैरे राहू दे बाजूला.

---

चारमहिने | ६ जानेवारी, सकाळी ११:४०

यातली पहिली दोन हो आहेत. नवऱ्याला सकाळी हे वाचायला दिलं. त्याने डॉक्टरांची वेळ घेतली, परवाची. ताई थँक्यू.

---

आजीचीखोली | ६ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

चारमहिने बाळा, हे वाचून फार बरं वाटलं. जा नक्की.

मी साठी ओलांडलेली आजी आहे, नातवंडं मोठी करतेय दुसऱ्यांदा. एकच सांगते, मागायला शिका गं पोरींनो, आणि मुलांनो तुम्हीही. माझी मुलगी दिवसभर पळत असते, मी विचारलं काही मदत करू का की "नको गं आई, होतंय". मग एक दिवस ती म्हणाली "आई, मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी सहा ते सात तू दोघांना बघ, मी फिरायला जाते". मला इतका आनंद झाला! "काही मदत" म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, मंगळवारी सहाला काय करायचं ते कळलं. आजोबा तर पावणेसहालाच चप्पल घालून दारात उभे, नातवाला खाली न्यायला. नातूही तयार, चप्पल उलटी. आता वर्ष झालं, ती फिरून येते आणि येताना चेहरा असा मोकळा असतो.

ज्यांच्याजवळ आजी आजोबा नाहीत त्यांनी शेजारी, मित्र, कोणाला तरी असा नेमका वार आणि नेमका तास मागा, आणि दुसऱ्या वारी त्यांची पोरं तुम्ही बघा.

---

समसमान | ६ जानेवारी, रात्री १०:१५

अर्धीझोप ताईंचा मूळ मुद्दा होता की संकल्प चौघांचा असतो, त्यावर कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. मी बाप आहे, पोरं ४ आणि २. दोन वर्षांपूर्वी मी पळायला सुरुवात केली, पहाटे, आठवड्यातून पाच दिवस, आणि सगळे वाहवा करायचे. मी पळत असायचो तेव्हा बायको एकटी दोघांना उठवणं, आवरणं सगळं करत होती. तिचा त्या वर्षीचा संकल्प होता पोहणं. ती एकदाही गेली नाही. माझा संकल्प तिच्या वेळेवर चालला होता हे मला डिसेंबरमध्ये तिने सांगितल्यावर कळलं, आणि ते ऐकताना जे वाटलं ते मी विसरणार नाही.

आता आम्ही रविवारी रात्री दहा मिनिटं बसतो, येणाऱ्या आठवड्याचं बघतो. आधी तिचे दोन ठरलेले तास लिहायचे, मग माझे दोन. ते तास म्हणजे बाहेरच्या मीटिंगसारखे, रद्द करायचे असतील तर आधी विचारायचं. बाकी घरकाम त्यानंतर वाटायचं. रात्रीही वाटून घेतल्यात, नऊ ते दोन काही झालं तर मी उठतो, दोन ते सात ती, म्हणजे प्रत्येकाला निदान पाच तास सलग झोप मिळते आणि उरलेल्या वेळातही बहुतेक वेळा मिळतेच. मी पळतो आठवड्यातून दोनदाच. बायको पोहते. ४ वर्षांची लेक विचारते "आज कोण भिजणार, कोण घामाने भिजणार?"

आणि वहीत मी "चिडणार नाही" लिहायचं सोडलं. त्याऐवजी "आवाज चढतोय वाटलं की खाली बसून त्यांच्या उंचीवरून बोलणार" असं लिहितो. स्वीडनमध्ये हजाराहून जास्त लोकांवर एक अभ्यास झालाय, २०२० मध्ये आला, त्यात काहीतरी सुरू करायचा संकल्प केलेले वर्षाअखेर ५८.९ टक्के यशस्वी होते आणि काहीतरी सोडायचा संकल्प केलेले ४७.१ टक्के. मला घरात फरक दिसतोच. खाली बसलो की धाकटा लगेच मांडीवर येऊन बसतो, मग चिडायला जागाच राहत नाही.

---

अर्धीझोप | ७ जानेवारी, रात्री ९:१०

समसमान दादा, तुमची पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो गप्प बसला थोडा वेळ, मग म्हणाला "कागद आण".

आमचं ठरलेलं असं. साडेनऊला लाइट बंद, दोघांचेही. पहिली हाक असेल ती माझी, मध्यरात्रीनंतरची त्याची. बुधवारी संध्याकाळी एक तास माझा, शनिवारी सकाळी एक तास त्याचा, दोन तासांवर नंतर जाऊ. व्यायाम म्हणजे रोज एक पूल, पोरांसकट. एक सिग्नल पूर्ण सुटेपर्यंत टिकायचं, तेवढंच. ध्यान सध्या बंद, मोठीला शाळेतून आल्यावर दहा मिनिटं शेजारी बसून यादी सांगायची असते, ती मी ऐकणार, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. खरं सांगू, ते मला ध्यानापेक्षा जास्त हवं होतं असं लिहिताना जाणवलं. आणि डायरीत काही लिहायचं नाही, पूल झाला त्या दिवशी सूर्याला एक किरण काढायचा.

---

दोनदुणेचार | १९ जानेवारी, रात्री ११:३०

आमच्याकडे उठाबशा पाच दिवस झाल्या, मग दोघांना ताप, आठ दिवस बंद. आज परत दोन मिनिटं. आकडेमोड दादांचं "चुकला दिवस तर चुकू दे" नसतं वाचलं तर सोडूनच दिलं असतं, शप्पथ.

---

आकडेमोड | २० जानेवारी, सकाळी ९:०५

मग हेही घ्या. जॉन नॉरक्रॉस यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संकल्प केलेल्या २०० लोकांना दोन वर्षं विचारत राहिले. पहिला आठवडा ७७ टक्क्यांनी पाळला, दोन वर्षं १९ टक्क्यांनी. पण त्या यशस्वी १९ टक्क्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांचं मधे किमान एकदा तरी चुकलं होतं आणि सरासरी १४ वेळा चुकलं होतं. तुमचं एकदा झालं, अजून बरेच शिल्लक आहेत.

---

चारमहिने | २ फेब्रुवारी, रात्री ८:१५

उपचार सुरू आहेत. आज बाळ दुपारी झोपलं तेव्हा मीही झोपले, दीड तास. उठले तर दोघंही घामाघूम आणि ती माझ्याकडे बघून खुदकन हसली. एवढंच सांगायचं होतं.

---

आजीचीखोली | २ फेब्रुवारी, रात्री ८:४०

❤️❤️

---

एकटाबाबा | ७ मार्च, रात्री ९:५५

आज ६६ वा दिवस. अर्धीझोप ताई, कुठवर आलं?

---

अर्धीझोप | ८ मार्च, सकाळी ७:२०

काल झोपले होते दादा, साडेनऊला :)

६६ दिवसांपैकी ४१ पूल. आपोआप होतो असं नाही म्हणणार, पण जेवण झालं की धाकटाच आता गाडी घेऊन चटईकडे जातो आणि माझी वाट बघतो, म्हणजे सवय त्याला लागली, मला तो लावतोय. सिग्नल वीसपर्यंत मोजायचा असं मोठीने परस्पर ठरवलंय. बुधवारचा तास नऊपैकी सहा वेळा मिळाला, नवऱ्याचा शनिवार आठ वेळा, यावर रविवारी बोलणं झालं आणि पुढचे तीन बुधवार त्याने ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये टाकलेत.

डायरीतले सूर्य मार्चअखेर संपणार. मोठीला विचारलं पुढचे काढतेस का. तिने विचार करून सांगितलं की सूर्य दमला असेल, एप्रिलपासून चंद्र काढते, त्याला झोपायला मिळतं दिवसा.